महाराजांचा हात घाटापार गेला त्याची हकीकत

श्री. रंगास नमन, रेषेस नमन, आणि ज्याचे पदरी धीर नाही त्यासही नमन, की हकीकती त्याचेमुळेच घडतात. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासी वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. एक नदी, एक चिंच आणि एक हट्टी राजा इतके ध्यानी धरावे म्हणजे पुरे. ते महाराज शूर, उदार, परंतु स्वभाव दोरखंडाचा, पीळ म्हणून सुटावयाचा नाही. त्यांस कन्या एकच, मैनाताईसाहेब. आणि ताईसाहेबांचा जीव चंद्रभान नामे म्हाताऱ्या हत्तीवर. तो हत्ती महाराजांनी ताईसाहेबांस न विचारता घाटापारच्या राजास नजर केला. ताईसाहेब म्हणाल्या, "माझा चंद्रभान दिलात, आणि मला पुसलेही नाहीत? मग जिथे तो, तिथे मी." ऐसे बोलोन घाट चढोन गेल्या. महाराज म्हणाले, "जाऊ द्या." मग वर्षे लोटली, आणि जाऊ द्या म्हणणारा रोज गच्चीवर उभा राहोन घाटाकडे पाहू लागला.

त्या राज्यात बाळकोबा चितारी म्हणोन होते. घराणे भिंती रंगविणारे, परंतु काळ पाहोन संगणकावर बसले आणि चित्रास हालवू लागले. त्यांस महाराजांनी बोलाविले आणि म्हणाले, "बाळकोबा, पत्र आम्ही लिहावयाचे नाही, लिहिले की माफी मागितल्यासारखे होते. तुम्ही आमचा हात काढा. मैना लहान असता चिंचेखालून आम्ही तीस बोलावीत असू, बोटे झटदिशी आत, मग सावकाश बाहेर. ती ओळखील." बाळकोबा म्हणाले, "आज्ञा." परंतु मनी म्हणाले, बापाचे काळीज आपल्या हाती आले, आता एक रेघही चुकता उपयोगाची नाही.

मग महाराज चिंचेखाली बसले, आणि बाळकोबांनी बोटांच्या एकेका वळणाचे एकेक चित्र कागदी काढिले, आणि ती चित्रे संगणकी उतरवोन एकावर एक थर रचिले, ज्यास शहरची माणसे लेयर म्हणतात. आता यंत्राचा न्याय ऐसा, की सर्वांत तळचा थर प्रथम दिसे, मग त्यावरचा, ऐसे वर वर चढत जावे, जैसे घर पायापासोन बांधावे. आणि चितारी घराण्याचा दंडक नेमका उलटा: भिंत वरून खाली रंगवावी, नाहीतर ओघळ येतात. म्हणोन बाळकोबांनी प्रथम खेपेस मनास चिमटा घेत घेत रचना केली, आणि कोणता थर किती वेळ दिसावा ते त्याच्या नावापुढे लिहिले, आणि चित्र चालविले. हात हलला. महाराज पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर आमचाच हात!" आणि शेल्याने डोळे पुसोन "धूळ फार" ऐसे म्हणाले. धूळ कोठे नव्हती.

परंतु चित्र जाहले जडशीळ. घाटावरचा मोबाइलचा टॉवर अशक्त, ताईसाहेबांस धाडू जाता मोठी फाइल अर्ध्या वाटेवरोनच माघारी येई. तेव्हा कारभारी भानजीपंत, ज्यांस सर्व कामे कालच हवी असत, ते म्हणाले, "अहो बाळकोबा, थर गाळा की! इतक्या बोटांचे काय लोणचे घालावयाचे आहे?" बाळकोबांनी एकाआड एक थर गाळिले आणि चित्र जतन केले. मग चालवोन दाविले तो हात उचकी लागल्यासारखा उडू लागला. महाराज म्हणाले, "हा राजाचा हात की माकडाचा?" बाळकोबा म्हणाले, "पूर्वीचेच देतो, महाराज." पाहतात तो पूर्वीचे कोठे आहे! गाळलेले चित्र त्याच नावाने, मूळ प्रतीवरच जतन जाहले होते. कागद होते म्हणोन अब्रू राहिली. मग ते सर्व थर पुन्हा नव्याने रचावयास बसले.

आणि रचिता रचिता त्यांस उमगले, की हलतात ती बोटे. चिंच हलत नाही, पागोटे हलत नाही, तर मग प्रत्येक थराने ते ओझे का वाहावे? त्या यंत्रात चित्र हलके करण्याची सोय होती. तीस सांगितले असता ती पहिला थर पुरा ठेवी, आणि पुढल्या थरांत जेवढे बदलले तेवढाच तुकडा राखी, बाकी जागा आरपार करी, की मागले तेथोन दिसत राहावे. ही सोय बाळकोबांनी योजिली आणि चित्र लाहीसारखे हलके जाहले. इतक्यात भानजीपंत दारी येवोन ओरडले, "आभाळ निवळले, टॉवर लागला! आत्ता धाडा, पाहणे मागाहून!" बाळकोबा म्हणाले, "एकवार चालवोन तरी..." पंत म्हणाले, "चालेल, चालेल!" आणि चित्र गेले. घाईत घाई आणि विंचू डसला गं बाई, ऐसे वडीलधारी म्हणतात ते उगाच नव्हे.

मग बाळकोबांनी निवांत बसोन ते चालविले, आणि चूक दिसली. घाईत घराण्याची सवय हाती उतरली होती. थर वरून खाली रचिले गेले होते. यंत्राने तळापासोन दाखविता सर्व उलटे जाहले: बोटे सावकाश आत येत, आणि मग झटदिशी बाहेर. ये म्हणणारा हात आता चालती हो म्हणत होता! बाळकोबा म्हणाले, "पंत, आपण लेक तोडली हो." भानजीपंत टॉवर लागतो का ते पाहावयास धावले. सुलटे चित्र करोन धाडिले, तो घाटावर आभाळ पुन्हा दाटले, आणि फाइल माघारी आली. आणि चूक सांगावयास बाळकोबा वाड्यात जातात तो वैद्य दारीच भेटले. महाराजांस वाताचा झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. बाळकोबा उशाशी बसले. सांगावे कोणास आणि काय?

दिवस गेले. मग एके सकाळी वेशीवर आरडाओरड जाहली, आणि चंद्रभान हत्ती डुलत आत आला, वर मैनाताईसाहेब, डोळ्यांत अंगार. कोणाचे न ऐकता थेट महालात आल्या आणि म्हणाल्या, "हात झटकून हाकलता मला? असे चित्र धाडण्यापरीस तोंडावर सांगा! सांगा ना!" मग पलंग पाहिला आणि उशाशी धावल्या. महाराज निश्चल पडले होते. मान नाही, पाय नाही, काही हलेना. परंतु चादरीवर डावा हात होता, आणि त्या हाताची बोटे हलली: झटदिशी आत, मग सावकाश बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ताईसाहेबांनी ओळखिले. "आबा," इतकेच म्हणाल्या आणि तो हात कवटाळोन रडल्या.

तेव्हा बाळकोबा पुढे जाहले आणि म्हणाले, "ताईसाहेब, चित्र उलटे गेले ती चूक माझी. महाराजांनी बोलाविलेच होते." ताईसाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सुलटे आले असते तर मी आले नसते, बाळकोबा. बोलावतात म्हणोन का जाऊ, ऐसे म्हणाले असते. हाकलले म्हणोन भांडावयास आले." हे ऐकोन महाराजांच्या मुखाची एक बाजू हसली. खाण तशी माती.

सारांश: मूळ प्रत निराळी ठेवावी, हलकी निराळी करावी, आणि धाडण्यापूर्वी एकवार पाहावे, हे त्या राज्यात तेव्हापासोन चालू जाहले. महाराज पुढे चैत्र मासी कैलासवासी जाहले. ताईसाहेबांच्या आज्ञेने बाळकोबांनी एक चित्र केले, की तळच्या थरात महाराज पलंगी आणि वरच्या थरांत नुसती बोटे. किती वेळा चालवावे, ऐसे यंत्राने पुसले. ताईसाहेब म्हणाल्या, "थांबवू नका." ते अद्याप चालू आहे.