चोवीस खड्ड्यांची फळबाग

"पाच वर्षांनी या कॉलनीतल्या एका जरी माणसानं आंबा विकत घेतला, तर माझं नाव बदला!" आण्णाप्पांनी भर बैठकीत जाहीर करून टाकलं.

बेळगावातल्या आपल्या कॉलनीच्या पार्कात सगळ्यांनी मिळून फळबाग लावायची, ही कल्पना त्यांचीच. आण्णाप्पा बागायत खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. लाखो झाडं त्यांनी फायलीत जगवली होती. कुंडीत तुळस मात्र एकही जगली नव्हती!

"दोन फुटांचा खड्डा बास की, अण्णा," जेसीबीवाला रवळू म्हणाला.

"चार फूट! तू मशीन चालव, शास्त्र मी बघतो."

झाले चोवीस खड्डे! लाल, ओल्या मातीचे, विहिरीची पिल्लं असावीत तसे.

रविवारी सकाळी साडेसहालाच आण्णाप्पा पाहणीला हजर. रवळू चहाला गेला होता. कोपऱ्यातल्या खड्ड्यात ते वाकून बघतात तो चष्मा आत! चष्म्यामागोमाग आण्णाप्पाही उतरले. चष्मा सापडला, पण वर येता येईना. गुडघा वाकेना, माती धरू देईना. तीनदा चढले, तीनदा घसरले.

एवढ्यात कॉलनीच्या हास्यक्लबची ज्येष्ठ मंडळी झाडं लावायला आली. पुढं मारुतीराव.

"आण्णाप्पा, आत काय करायलाय?"

'अडकलोय' म्हणायचं? एवढ्या लोकांत?

"मातीची पारख!" आण्णाप्पा छाती काढून म्हणाले. "मुळांच्या पातळीवर पाच मिनिटं शांत उभं राहायचं. इस्रायलची पद्धत हाय!"

"व्हय? मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं?" म्हणत मारुतीरावांनी शेजारच्या खड्ड्यात उडी टाकली. पाठोपाठ बाकीचे! कुणी धोतर खोचून, कुणी पदर खोचून. बघता बघता चोवीसच्या चोवीस खड्डे भरले. काठावर उरल्या फक्त आण्णाप्पांच्या पत्नी सुनंदाआक्का.

त्या नवऱ्याच्या खड्ड्यावर वाकल्या. "घरात सिलिंडर हलवा म्हटलं की गुडघं दुखत्यात. खरं सांगा, अडकलाय न्हवं?"

"हळू बोल गं! रवळूला बघ जा."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. हास्यक्लबात कुणी हसेना.

"आण्णाप्पा, आधी तुम्ही वर या," मारुतीराव म्हणाले. "मग आम्हाला शिकवा."

"मला... अजून जरा पारख करायची हाय."

मग मात्र एकच गलका उठला. "खड्ड्यातनं काढा! काढा आम्हाला!"

नेमका तेव्हा वार्ताहर युवराज वृक्षारोपणाचा फोटो काढायला आला. खड्ड्यात झाड एकही नाही. जमिनीतून चोवीस मुंडकी उगवलेली आणि सगळी ओरडतायत! त्यानं फोटो काढला, काय समजायचं ते समजला आणि गेला.

शेवटी रवळूनं जेसीबीच्या बकेटमधून एकेकाला सिमेंटच्या पोत्यासारखं वर काढलं. सगळ्यांच्या कंबरा धरल्या. झाडं पुढच्या रविवारी लावायची ठरली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो! 'खड्ड्यांविरोधात ज्येष्ठ नागरिक खड्ड्यात!'

कॉलनीच्या रस्त्यावर खड्डे होतेच, इतके की रिक्षावाले कोपऱ्यावरच उतरवत. आण्णाप्पांना फोनवर फोन. "अण्णा, लई धाडस केलासा!"

"खरं काय ते सांगून टाका," सुनंदाआक्का म्हणाल्या.

"कशाला? रस्ता झाला तर लोकांचंच भलं," आण्णाप्पा म्हणाले आणि पुढचा फोन घेतला. "हां, करावं लागतं समाजासाठी!"

गुरुवारी रोलरची धडधड ऐकू आली. इस्त्रीचा शर्ट चढवून आण्णाप्पा रस्त्यावर आले. रस्ता रिकामा! खड्डे जिथल्या तिथं. धडधड पार्कातून येत होती.

ते लंगडत धावले. चोवीस खड्ड्यांत मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरनं जमीन कॅरम बोर्डासारखी सपाट केलेली! कुंपणापाशी आंब्या-फणसाची चोवीस रोपं काळ्या पिशव्यांत उभी.

कंत्राटदार हार घेऊन पुढं आला. "आण्णाप्पा तुम्हीच न्हवं? पेपरात फोटो आला आणि वरनं लगेच हुकूम सुटला. बघा, एक खड्डा ठेवला न्हाय!"

अख्खी कॉलनी गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. आण्णाप्पांनी एकदा रोपांकडं बघितलं, एकदा गॅलरीकडं.

आणि हारासाठी मान पुढं केली.