हौसाक्काचं माहेर

माझ्या मालकांच्या तेराव्याला पंगत उठली आणि हौसाक्कानं गव्हाची खीर चाखून सगळ्यांदेखत सांगितलं, "खीर बरी झालीया. पन आमच्या माहेरी हिच्यापेक्षा दाट करत्यात." माझ्या जावेला राग आला. मला नाही आला. इतके दिवस आमच्या चुलीपुढं तीच बसली होती. खीरही तिनंच केली होती.

माधवनगरला ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा गिरणीत होता, तो आधीच वारला होता. बाई उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की हळू बोलली तरी गल्लीच्या टोकाला कळावं. आणि तोंडात सदा "आमच्या माहेरी". टीव्हीवर काश्मीर लागलं तर म्हणायची, "ह्यो व्हय डोंगार?" विश्रामबागच्या डॉक्टरनं सुई टोचली, तर त्याच्या तोंडावर म्हणाली, "हात लय जड हाय तुमचा. आमच्या माहेरचा म्हातारा काटा काढायचा, मानसाला कळायचंबी न्हाई." डॉक्टर हसला. तो तरी काय करणार!

पण ते माहेर कुणी बघितलं नव्हतं. भाऊबीजेला भाऊ यायचा नाही, दिवाळीला ही जायची नाही. विचारलं की "लांब हाय" म्हणायची आणि काहीतरी काम काढून उठायची. बायका म्हणायच्या, हिला माहेरच नाही, सगळं मनानं रचलेलं आहे. मी कधी खोदून विचारलं नाही. मेलं कुणाचं माहेर असो की नसो, अडीनडीला तीच धावून यायची.

पुढं एका वर्षी पाऊस सरल्यावर गल्लीतल्या बायकांनी एका दिवसाची महाबळेश्वरची सहल काढली. हौसाक्का कधी कुठं जायची नाही, पण यावेळी सगळ्यांच्या आधी तयार. तिची अट एकच. "तापोळ्याच्या वाटंला एक वळान हाय. तितं मला जरा उतरवायचं."

जीपवाला म्हणाला, "मावशी, तिकडं पॉइंट नाही."

"तुला गावला नसंल," हौसाक्का म्हणाली.

वर पोचलो तर नुसतं धुकं. झाडांना शेवाळाची दाढी, पानापानातून पाणी ठिबकतंय आणि त्या गारठ्यात शहरातली माणसं टोप्या घालून घोड्यावर बसलेली. आम्ही पॉइंटमागून पॉइंट केले. सगळीकडं कठडा दिसायचा, पुढं पांढरं. "एवढ्या लांबनं धुकं बगाया आली व्हय ही मानसं?" हौसाक्का म्हणाली. "आमच्या माहेरी दारात फुकाट याचं." पण दर पॉइंटला कठड्याशी पहिली तीच जायची आणि धुकं बघून तिचा चेहरा पडायचा.

तळ्यावर सगळ्या बोटीत बसल्या. ती बसेना.

"भ्याली गं हौसाक्का!" बायका ओरडल्या.

"भीत न्हाई. पान्याखाली कुनाचं काय आसंल, त्याच्यावर बसून भेळ खायाची व्हय?"

बायका आणखीच हसल्या. मी तिच्याबरोबर काठावर थांबले. मला बोटीत मळमळतं.

दिवस कलायला लागला तसा जीपवाला घाईला आला. अंधाराच्या आत घाट उतरायचा होता. बायकाही कंटाळल्या. "आवं, हितं दिसंना, तितं काय दिसनार? चला घरी." हौसाक्का तापोळ्याच्या वाटेकडं तोंड करून बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. मी जीपवाल्याला म्हटलं, "ठरलंय ना? मग ने."

वळणावर आम्ही दोघीच उतरलो. तिथंही धुकंच. मागं हॉर्न वाजायला लागला. ती आपली रस्त्याच्या कडेला उभी, वारं पदर ओढतंय, तिचं लक्ष नाही. मग वाऱ्यानंच धुकं फाटलं. खाली, लांब, दोन डोंगरांच्या मधे पाण्याचा पट्टा दिसला.

"ती डोंगराची सोंड दिसती का, पान्यात उतरल्याली?" ती म्हणाली. "तिच्या बुडाला आमचं घर. म्होरं फनस. कोयनंचं धरान झालं आन् पानी चढलं. मी तवा तिकडं माधवनगरला नांदत व्हते. भावाला लांब कुटंतरी जमीन दिली, तितंच त्यो वारला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय? बायकांनी 'आरारा' केलं आसतं. आपल्या माहेराला कुनी आरारा म्हनावं व्हय?"

धुकं पुन्हा मिटलं. ती रडली नाही की तिनं हात जोडले नाहीत. "चल, जायाचं," म्हणाली आणि वळली.

मी म्हटलं, "थांब. माहेरातनं निघताना बाई रिकाम्या ओटीनं जात नाही. पदर धर."

"आगं, माजी ओटी? आन् तू भरनार?"

सवाष्णीनं सवाष्णीची भरायची असते, हे मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघी कपाळ पुसलेल्या. "गप उभी राहा," म्हटलं. पिशवीत बाजारात घेतलेले गरम चणे होते, ते आता निवले होते. तेच ओंजळीनं तिच्या पदरात घातले. जीपमधल्या बायका बघत होत्या. बघू देत.

जीप घाट उतरायला लागली. ओटी तशीच धरून हौसाक्का खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं एक चणा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "आमच्या माहेरी ह्याच्यापेक्षा मोटं आसायचं."

"असतील," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.