खेमसिंग नायकाची रेडिओची जोडी

"दात दाखव आंधी, मंग भावाचं बोल!"

"नायकसाब, रेडिओ है ये! रेडिओले कुठं दात असते?" दुकानवाला मिस्त्री बोलला.

"बिनादाताचं जनावर मी आजलोक घेतलं नाही, अन् घेणारही नाही. काहो कारभारी?"

"बराबर हाय," कारभारी नेमसिंग बोलला. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, अन् तो जे बोलीन ते बराबर असते, हे सांगणं हेच कारभाऱ्याचं काम, अन् नेमसिंगनं त्या कामात वीस वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नव्हती.

जुनी वस्तू विकत घेणं हे गंभीर काम आहे. नवीन वस्तू कोणीही येडा घेते. जुनीले अनुभव लागते, अन् अनुभव खेमसिंग नायकाच्या तांड्यात पोत्यानं पडला होता. सात पिढ्या बैलाच्या पाठीवर मीठ-दाणा लादून मुलूखभर फिरलेली ही माणसं. बैलाचे तांडे गेले, वावरं आली, पण जनावर पारखाची नजर जाग्यावरच राह्यली. तांड्यानं आजवर विकत घेतलेल्या दर शंभर चालत्या वस्तूंपैकी नव्व्याण्णव बैल होते अन् एक सायकल. (सायकलची खोड मागून निघाली. ती उतारावर थांबत नव्हती.) म्हणून रेडिओ घ्याचं ठरलं तवा तो कसा घ्याचा यावर नसाब बसलीच नाही. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती मतभेद असला तरच बसते, अन् इथं मतभेद नव्हता.

रेडिओ पाहिजे होता बसंतीबाईले.

तिचा पोरगा फकिरा फौजेत ट्रक चालवते. बर्फातल्या लढाईले दीड वर्ष झालं होतं, अन् फकिरा घरी येऊन दोन वर्षं. पत्रं येत होती. पण फकिराले लिहिता येत नाही, तो कोणाकडून तरी लिहून घेते, म्हणून दर पत्रातलं अक्षर येगळं. तांड्यातले सगळे म्हणत, "याडी, पत्र येते म्हणजे पोरगा खुशाल हाय." याडी म्हणजे आई, बसंतीबाईले सगळा तांडाच याडी म्हणते. याडी मान हालवे अन् पत्र उलटंपालटं करून पाहे. अक्षर तं कोणाचंही असते.

मंग एक पत्र आलं की, फौजी भाईंच्या कार्यक्रमात अमक्या रविवारी चार वाजता मी बोलणार हाय, अर्धा मिनिट. स्टेशन शॉर्टवेव्हवर लागते. तुमी आयका.

बसंतीबाई नायकाच्या ओट्यापाशी जाऊन उभी राह्यली. "नायक, मले तो आवाज आयकाचा हाय," बोलली. "आवाज दुसऱ्याकडून काढून घेता येत नाही."

नायकाचं मन चांगलं होतं. त्यानं तिथल्या तिथं तांड्याच्या सामायिक डब्यातून रेडिओ घ्याचं जाहीर केलं. बसंतीबाईचं काम तिथं संपलं अन् मोठ्या लोकांचं सुरू झालं.

पुसदले मोहिउद्दीन मिस्त्रीचं दुकान आहे. ट्रकची बॅटरी, ट्रकचा डायनामो अन् माणसाचं घड्याळ तिथं एकाच पान्यानं दुरुस्त होते. राजूरच्या खाणीवरचा एक गोरा मॅनेजर इलायतेले गेला, तो जातानी आपला रेडिओ टाकून गेला, अन् तो कोळशाच्या ट्रकवर बसून मोहिउद्दीनकडे आला. बारा वालचा, म्हणजे आत काचेच्या बारा नळ्या, सहा बँडचा, काळाभोर, दोन माणसांनी उचलावा असा. मोहिउद्दीननं तो ट्रकच्या बॅटरीवर चालन असा करून ठेवला होता. "पूरे जिले में ऐसा दुसरा नाही," तो सांगे, अन् ते खरं होतं, कारण जिल्ह्यात तसा दुसरा कोणाले पाहिजेही नव्हता.

"हे शॉर्टवेव्ह काय असते?" नायकानं इचारलं.

"जवळचं कमी आयकू येते, दूरचं ज्यादा."

"शिकलेल्या पोरावानी," कारभारी बोलला, अन् तांत्रिक माहितीचा भाग इथं संपला.

मंग तपासणी झाली. मिस्त्रीनं पाठ उघडली. आत दोन ओळीत बारा वाल. कारभाऱ्यानं बोट लावून मोजले. "बैलाले खालचे दात आठ असते, याले बारा. आठ दात जुळून वरतं चार उरले," असा निष्कर्ष निघाला. वरच्या लाकडावर मॅनेजरनं वर्षानुवर्षं चहाचा कप ठेवल्यानं एक गोल डाग पडला होता. तो भोवरा. पाठीवर मधोमध भोवरा म्हणजे शुभ. तोच काठावर असता तं त्यानं मालकाले खाल्लं असतं. (मॅनेजरचं काय झालं, हे कोणालेच मालूम नाही.) वायर ओढून पाह्यली, वेसण मजबूत निघाली. मंग कारभाऱ्यानं खोड पाहाले आत हात घातला, अन् रेडिओनं त्याले असा झटका देल्ला की तो मागच्या डब्यांवर जाऊन बसला.

"लाथ मारते!" कारभारी बोंबलला.

"मारलीच पाहिजे," नायक खुश झाला. "जे लाथ मारत नाही ते जनावर आजारी असते."

आता फक्त भाव राह्यला असं मिस्त्रीले वाटलं. (भाव तुम्हालेही आयकाचा असन. सांगतो, जरा थांबा.) पण नायकानं इकडंतिकडं पाह्यलं अन् इचारलं, "याचा जोडीदार कुठं हाय?"

"जोडीदार?"

"एका बैलावर वखर चालते काय, मिस्त्री? जोड पाहिजे. उंचीले सारखा, रंगाले सारखा."

"अहो, एकच काफी है! दो-दो काय कराचे?"

"अन् हा थकला तं?"

मोहिउद्दीन एक बिडी संपेपर्यंत इमानदार राह्यला. त्यानं समजावलं, हात जोडले, पोराची शपथ घेतली. पण नायक अन् कारभारी उठून जोडे घालाले लागले, तवा त्यानं बिडी इझवली अन् म्हणे, "चार दिन द्या."

चार दिवसांनी जोडीदार तयार होता. तेच लाकूड, तोच काळा रंग, तेवढीच उंची, तेवढेच खटके. आत एक टॉर्चचा सेल, एक बारीक बल्ब, अन् बाकी पुसदची हवा. मिस्त्रीले दोष देता येत नाही. ज्याले जे पाहिजे ते देणं यालेच धंदा म्हणतात. खटका दाबला की काचेमागं दिवा लागे, जोडीदारासारखाच पिवळा. "हा शांत स्वभावाचा हाय," मिस्त्रीनं सांगतलं. कारभाऱ्यानं त्याच्या पाठीत हात घालून पाह्यला. झटका आला नाही. "गरीब जनावर हाय," तो बोलला, "बायांच्या कामाचं."

सौदा रीतीप्रमाणं रुमालाखाली झाला. नायकाचा हात अन् मिस्त्रीचा हात, वर लाल रुमाल, आत बोटं बोलून राह्यली, तोंडं दोघांचीही आभाळाकडं. ही पद्धत लय सोयीची आहे. कोणी ठगला तरी कोणाले समजत नाही, ज्याले समजते तो सांगत नाही. बाहेर अर्धा बाजार जमा झाला होता अन् एकमेकाले इचारत होता, "कितीले? कितीले?" (तुम्हीही त्यातच. थांबा म्हणलं ना.)

आता बसंतीबाई. ती दोन्ही खेपा सोबत होती. बाईमाणूस जनावर पारखत नाही, फक्त वाहते, अशी रीत असल्यानं सौदा झाल्यावर दोन्ही रेडिओ एस. टी. स्टँडवर न्याचं काम तिच्याकडं अन् तिची सून जमनीकडं आलं. बसंतीबाईनं पह्यला रेडिओ उचलाले हात लावला, तो हालला नाही. मंग दुसरा उचलला, तो एका हातानं वर आला.

तिनं मिस्त्रीकडं पाह्यलं. मिस्त्रीनं पान्याकडं पाह्यलं.

 बसंतीबाईनं आपली ओढणी स्वतःच्या हातावर टाकली अन् हात पुढं केला, रुमालाखाली करतात तसा. मोहिउद्दीननं आपला हात ओढणीखाली घातला. दुकानात मोठी माणसं चहा पिऊन राह्यली होती, पाठ करून. या सौद्यात काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. पण नंतर मिस्त्रीनं भरल्या रेडिओच्या काचेवर, फौजी भाईंचं स्टेशन लागते त्या बारीक रेघेपाशी, लाल रंगाचा टिपका लावला. कोणता खटका फिरवाचा, कोणती वायर कुठं खोसाची, हे तिले अन् जमनीले तीन वेळा दाखवलं. अन् म्हणे, "याडी, माफ करजो."

"चार वाजता आवाज आला पाहिजे," बसंतीबाई बोलली. "मंग माफ."

तांड्यात जोडीचं स्वागत रीतीनं झालं. बसंतीबाईनं दोघांनाही कवड्या लावलेल्या झुली शिवल्या: एक लाल, एक पिवळी. लाल झुलीचा भरला रेडिओ नायकाच्या समोरच्या ओट्यावर, पुरुषांसाठी. पिवळ्या झुलीचा रिकामा घराच्या मागच्या आंगणात, बायांसाठी. बॅटरीची पेटी झुलीखाली, अन् आवाज पकडाची वायर उभ्या बांबूवर चढवलेली. न्याय बराबर व्हावा म्हणून मागच्यालेही तशीच पेटी अन् तशीच वायर, बांबूपर्यंत नेलेली. (पोस्टानं रेडिओ ठेवाचं लायसन मात्र एकाचंच देल्लं. जोडीचा फारम त्यांच्याकडं नव्हता.)

आठ दिवस ओट्यावर पुरुषांनी रेडिओ आयकला. नागपूर स्टेशन साफ लागे, म्हणून ते लगेच बदलल्या जाई. नागपूर आयकाले एवढा मोठा रेडिओ कायले? कोणालेच समजत नाही अशी भाषा लागली की ओटा समाधानानं मान हालवे. जितकं कमी समजते तितकं स्टेशन दूरचं, अन् जितकं दूरचं तितका माल भारी. सर्वात उत्तम स्टेशन बुधवारी लागलं. त्यात नुस्ती शिट्टी वाजत होती. "हे समिंदराच्या पलीकडचं," कारभारी बोलला, अन् लोकांनी ते पाऊण घंटा आयकलं.

मागच्या आंगणातून तक्रार आली की पिवळा बोलत नाही. तिचा विचार झाला. "नवीन जागा हाय, बुजला असन," असं उत्तर गेलं.

रविवारी सकाळी पुरुष मंडळी पागोटे धुवाले नाल्यावर गेली. फकिरा नायकाचं नाव घेईन, अन् नाव घेतल्यावर पागोटं मळकं असणं बरं नाही. तेवढ्या येळात बसंतीबाई अन् जमनीनं मिळून काळं धूड उचललं, बॅटरीसकट मागं नेलं, अन् रिकामं समोर आणून ठेवलं. झुली बदलल्या. समोरच्या बांबूची वायर रिकाम्यात खोसली, मागच्या बांबूची भरल्यात. जमनी बोलली, "याडी, नायक मारन आपल्याले."

"तो दिवा पाहीन," बसंतीबाई बोलली. "दिवा त्याच्यातही लागते."

चार वाजता सारा तांडा हजर होता. नायकानं स्वतः खटका दाबला. दिवा लागला. लाल झूल, पिवळा दिवा, समोर पांढरीफट पागोटी.

"चूप बसा!" नायक बोलला.

"आरे, चूप म्हणते ना नायक!" कारभारी बोलला.

"तूच चूप बस ना बे!" कोणीतरी मागून बोललं.

"चूप!" "ए, चूप!" "कोण चूप म्हणून राह्यलं? चूप!"

त्या अर्ध्या मिनिटात समोरच्या ओट्यावर एकूण एकेचाळीस वेळा "चूप" झालं. मंग रेडिओ मुका आहे असं कोणाच्या मनात येईन कसं? ज्याले त्याले वाटलं, बाजूच्याच्या कल्ल्यानं मले आयकू येत नाही. मधात एकदा जरासी शांतता झाली, तवा बारीक माणसाचा आवाज आला खरा, पण तो घराच्या मागून.

"मागून येऊन राह्यला आवाज," एक म्हातारा बोलला.

"मोठ्या रेडिओचा आवाज मागूनच येते," कारभारी बोलला. "चूप!"

मागच्या आंगणात कोणीच कोणाले चूप म्हणलं नाही. कोणी बोलतच नव्हतं. लाल टिपक्यावर काटा होता, अन् बसंतीबाईचा कान काचेले टेकला होता, अन् जमनीनं डोळे मिटले होते.

पाच वाजता नसाब बसली, यावेळी मतभेद होता म्हणून. फकिरानं पह्यला रामराम नायकाले घातला का कारभाऱ्याले, यावर दोन तास वाद झाला. शेवटी दोघांनाही एकदम घातला असं ठरलं. पिकपाणी इचारलं, जोडीची तारीफ केली, हेही सर्वानुमते ठरलं. ठराव झाला, अंगठे लागले. आज तांड्यात कोणालेही इचारा, फकिरा काय बोलला ते तोंडपाठ सांगीन.

बायांले मात्र इचारू नका. त्या सांगत नाहीत. एवढं खरं की बसंतीबाईनं त्या दिवशी, दोन वर्षांत पह्यल्यांदा, गुळाची लापशी केली अन् घरोघरी वाटली. नायकानं दोनदा मागून खाल्ली. त्याले वाटलं, रेडिओच्या खुशीची आहे. मोहिउद्दीनकडं पुसदले एक डबा गेला, तो त्याले बराबर समजला.

आता तुमचं. भाव सांगतो म्हणलं होतं, अन् तुम्ही त्या रुमालाखालच्या भावाची वाट पाहत इथवर आले. येतानी मधात एक माय दोन वर्षं पोराचं अक्षर उलटंपालटं करत होती, तो जिता आहे का नाही म्हणून. ते तुम्ही एकदा तरी इचारलं काय? नाही ना? मंग तुमची जागा समोरच्याच ओट्यावर होती. पागोटं धुतलं होतं ना? अन् भाव म्हणान तं तो... थांबा, एस. टी. लागली. मले निघा लागते.