खांडेकरांचं 'अहो'

आमच्या कारखान्याच्या गेटसमोर एक कुत्रं आडवं पडलेलं असतं. कुणी त्याला हाड् म्हणतं, कुणी पायानं ढोसतं. खांडेकर मात्र सायकलवरून उतरतात आणि म्हणतात, "अहो, सरका की जरा. ड्युटी हाय आमची."

आणि कुत्रं सरकतं.

चिंचोळी एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. खांडेकर पॅकिंगचे सुपरवायझर, मी एचआरमध्ये. ते मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या तोंडून मी कधी कुणाचा एकेरी उल्लेख ऐकला नाही. झाडलोट करणाऱ्या सरूबाई म्हणजे 'सरूबाईसाहेब', काल कामाला लागलेला पोरगा 'पाटीलसाहेब'. मशीन बंद पडलं तर, "आज ते जरा नाराज हायेत," असं येऊन सांगणार. कुणाला झापायचं असलं तरी, "अहो, गाढवासारखं काय करताय तुमी?" ऐकणाऱ्यानं चिडावं की खूश व्हावं, हेच कळायचं नाही.

मग मालकांचा मुलगा आदित्य शिकून परत आला आणि त्यानं फर्मान काढलं. साहेब, मॅडम सगळं बंद. सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची, अगदी त्यालासुद्धा. ते अमलात आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खांडेकरांनी पहिल्याच दिवशी वाट काढली.

"नमस्कार, आदित्यराव."

"राव नको, हणमंत. नुसतं नाव."

"नावच घेतलं की, आदित्यराव!"

'राव'वरही बंदी आली, तेव्हा त्यांनी हाक मारणंच सोडलं. समोर येऊन उभे राहायचे, खोकायचे, वर छताच्या पत्र्याकडे बघत म्हणायचे, "चहा घेणं व्हावं." पोरं त्यांची नक्कल करायची. मीही हसायचो. त्यांच्या पाठीमागे हसायचो, एवढाच काय तो माझा सभ्यपणा.

एके दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून मी भाषण केलं. मला स्वतःला त्यातलं फार काही पटलेलं नव्हतं. वरून आलं ते बोलत होतो. "अहो-जाहोनं माणसं लांब जातात," मी म्हणालो. "घरी आपण मुलांना अरे-तुरेच करतो ना?"

मागून पॅकिंगमधला महेश ओरडला, "माझा बाप चिडला की मला अहो म्हणतो! 'या साहेब, आज बरी आठवण झाली घराची!' त्यापेक्षा दोन रट्टे परवडले."

कॅन्टीन खदाखदा हसलं. खांडेकर हसले नाहीत. हातातला चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

शिफ्ट सुटल्यावर माझ्या केबिनच्या दाराशी खोकला ऐकू आला.

"एकेरीत बोलायची जरा प्रॅक्टिस पायजे हुती."

मला ओशाळल्यासारखं झालं. "नियमाचं एवढं मनावर घेऊ नका हो. आदित्यला मी सांगतो."

"त्यांच्यासाठी न्हाय. किरणसाहेबांसाठी."

कारखान्यात कुणी किरण नव्हता.

"आमचे चिरंजीव," खांडेकर म्हणाले. "पुण्यात असतात. इंजिनेर झाले तवापासनं मी त्यांना तुमीच म्हणतोय. आमच्यात कुणी धाव्वीच्या फुडं गेलं न्हवतं. एवढ्या शिकल्या माणसाला अरे कसं म्हणायचं?" त्यांनी दाराची कडी उगाच पुढेमागे केली. "आधी दर महिन्याला यायचे. त्यांची आई गेल्यावर नुसता फोनच. मी म्हणायचो, 'या की, लई दिस झालं.' तर गप बसायचे. मला वाटायचं, कामात असतील. आज त्या पोराचं ऐकलं आन्... त्यांना वाटत असंल का वो, बाप टोमणे मारतोय?"

वरून आलेलं एक वाक्य मी पाठ करून म्हटलं होतं. ते कुणाच्या जिव्हारी लागेल, असं मला वाटलंच नव्हतं. मी खुर्ची पुढे सरकवली.

"माझ्यावर करून बघा."

ते बसले. घाम पुसला. "अहो..."

"अंहं."

"अरे... जेवलास का?" आणि लगेच हात जोडले. "माफ करा हां, सुभाषराव."

बऱ्याच वेळानं त्यांचं माफी मागणं थांबलं. मग त्यांनी तिथूनच फोन लावला. फोनचा स्पीकर चालूच होता. तो बंद कसा करायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"किरण, अरे, जेवलास का?"

पलीकडचा आवाज एकदम चढला.

"बाबा? काय झालं? बरं नाही का तुम्हाला? शेजारी कोण आहे? फोन द्या त्यांच्याकडे."

"काय न्हाय रे..."

"थांबा, मी निघतोच. रात्रीपर्यंत पोचतो."

फोन बंद झाला. खांडेकर त्याच्याकडे बघत राहिले.

"घाबरले हो ते. निघतायत. आन् मला तर काय झालं न्हाय. आल्यावर काय सांगू?"

सल्ला द्यायची मला सवय आहे. भाषण आवरलं. मग म्हणालो, "काही सांगू नका. दार उघडायचं आणि 'ये' म्हणायचं."

"'या' न्हाय?"

"'ये'."

ते उठून गेले. केबिनच्या उघड्या खिडकीतून मला ते दिसत होते. सायकल हातात धरून चालत निघाले होते, बसायचं भानच नव्हतं. समोरचा रस्ता रिकामा होता.

"ये," ते त्या रस्त्याला म्हणत होते. "ये... ये रे."