दलदलीतली होडी आणि बत्तीस नावांची पाटी

एका जंगलात एक दलदल होती. बाळांनो, नाकं मुरडू नका. गोष्ट चिखलाचीच आहे.

त्या चिखलात चिंगूताई नावाची रानडुकरीण कंद उकरत होती. कंद राहिले बाजूला, आख्खी लाकडी होडी निघाली!

"माझ्या खापरपणजोबांच्या वेळची आहे," कासवआजोबा म्हणाले. "म्हणजे हजारेक वर्षांची तरी. चिखलात हवा लागली नाही म्हणून टिकली. ओलीच ठेवा रे बाबांनो."

"आजोबा, तुम्ही गप्प बसा," पुराणवस्तू अधिकारी कोल्हेसाहेब म्हणाले. "पाण्यानं लाकूड कुजतं, एवढंही कळत नाही?"

होडी उन्हात चौथऱ्यावर चढली. आता अनावरण आलं, आणि अनावरण म्हटलं की पाटी आली. सिंहमहाराजांचं नाव घातलं, तर वाघ रुसला. वाघाचं घातलं, तर तरस जेवेना. करता करता बत्तीस नावं झाली आणि सागवानी पाटी होडीपेक्षा लांब झाली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं, 'होडीला पाणी लावू नये.'

पावसाळ्यात नदी फुगली. चिंगूताईची सहा पिल्लं टेकाडावर अडकली. पाणी त्यांच्या पोटाला लागलं. चिंगूताई धापा टाकत चौथऱ्याशी आली.

"साहेब, होडी द्या हो! पोरं बुडतायत माझी!"

"अहो बाई, होडी पाण्यात घालायची? शुद्धीवर आहात ना?" कोल्हेसाहेब किंचाळले. "हत्तीला बोलवा! होडी भिजतेय!"

हत्ती आला. त्याला पिल्लंही आणता आली असती म्हणा, पण ती काही हजार वर्षांची नव्हती. त्यानं होडी डोक्यावर घेतली. उन्हानं तडकलेली ती, काडकन मोडली. साहेबांनी दोन्ही तुकडे कोरडे असल्याची नोंद केली.

चिंगूताईचं डोकंच फिरलं. तिनं पाटीला धडक मारली, पाटी उपटली, पाण्यात लोटली आणि पोहत टेकाडापर्यंत ढकलत नेली. सिंहमहाराजांच्या नावावर दोन पिल्लं बसली, वाघाच्या नावावर दोन, तरसाच्या नावावर दोन. सहाही सुखरूप काठाला लागली. चिंगूताई त्यांना चाटत ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाटी पळवल्याचा गुन्हा दाखल झाला. होडीबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

तात्पर्य : होडी सापडो न सापडो, पाटी लांबलचक करावी. जितके मान्यवर जास्त, तितकी पिल्लं बसतात.