नानांची कंबर आणि खिशातला पिनबॉल

“या जगात खरे कलावंत तीनच! गाणारे, चित्रं काढणारे आणि पिनबॉल खेळणारे!” खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून नानांनी जाहीर केलं.

“आणि चौथे, पाय वर घेणारे. घ्या, झाडायचंय,” बायको म्हणाली.

नानांनी पाय वर घेतले. घोषणा मात्र मागे घेतली नाही, कारण समोर विहीणबाई बसल्या होत्या. मुलीच्या सासूबाई, निवृत्त नर्स, महिनाभराच्या मुक्कामाला आलेल्या. आल्या दिवसापासून त्यांचा डोळा त्या खुर्चीवर होता. त्यांच्याबरोबर जावयाने सासऱ्यांसाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम पाठवला होता. आणि त्यात नानांच्या तरुणपणी गेम पार्लरमध्ये होता, तोच पिनबॉल, फळ्यांनी चेंडू उडवत ठेवायचा खेळ!

“तेव्हा मशीनला कमरेचा हलका धक्का दिला, की पडद्यावरचा चेंडू मुकाट वळायचा!”

“पडद्यावरचा? धक्क्याने?” विहीणबाईंनी विचारलं.

“श्रद्धा लागते त्याला!”

“मग होऊन जाऊ दे, व्याहीबुवा. जिंकेल त्याची खुर्ची.”

“तुम्ही? तुम्ही कधी खेळलाय?”

“जन्मभर इंजेक्शनं दिलीत. अंगठा चालतो माझा.”

नाना ताडकन उठले. कलावंताला चष्मा शोभत नाही, म्हणून तो काढून खुर्चीतच टाकला आणि खेळ सुरू केला.

अरेरे! जुन्या खेळाची पार रया गेली होती. संगीत काडेपेटीत कोंडलेल्या डासासारखं. आख्खा खेळ त्या चिमुकल्या पडद्यावर मावेना, म्हणून अर्धाच दिसायचा. चेंडू वर गेला की खालच्या फळ्या गायब! वर तो पाकातून चालल्यासारखा रेंगाळायचा आणि खाली शाळा सुटल्यासारखा धावायचा. पडदा बदलेपर्यंत चेंडू पसार!

“हा काय खेळ झाला? थांबा, धक्का देतो!”

पण धक्का द्यायला मशीन कुठे होतं? नानांनी कपाटाला कंबर मारली. वरच्या फळीवरचे दोन कप वाकून बघायला आले आणि जमिनीवरच थांबले.

“अहो!” बायको ओरडली.

“गप्प! चेंडू वळतोय!”

दुसरा धक्का टेबलाला. तांब्या विहीणबाईंच्या विणकामात पालथा! तिसरा, निर्वाणीचा, फ्रिजला. फ्रिज जागचा हलला नाही. कंबर हलली, ती परत जागेवर आली नाही.

गुण झाले बाराशे.

विहीणबाईंनी ओलं विणकाम पिळलं, गेम मांडीवर ठेवला आणि दोन्ही अंगठे टकाटक चालवत नानांच्या बायकोला स्वेटरचा गळा समजावून सांगू लागल्या. गेम आनंदाने किंचाळत सुटला. गुण लाखाच्या पुढे!

“अहो, पडद्याकडे बघा तरी!” जमिनीवर आडवे पडलेले नाना कळवळले.

“बघून तुमचं काय झालं, ते पाहिलं की!”

बायको हसता हसता भिंतीला टेकली. शेवटी नानांनाही हसू फुटलं, पण कमरेने ते अर्ध्यावर थांबवलं. विहीणबाईंनी नर्सच्या सराईत हाताने त्यांना उताणं करून कमरेखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली आणि मग त्या थाटात आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने नाना खाकरले. दोघींना वाटलं, आता नवं आव्हान येणार!

“खुर्ची तुमची, विहीणबाई. शब्द म्हणजे शब्द. फक्त एकदा जरा उठता का? हळूच हं. तुमच्याखाली माझा चष्मा आहे.”