ग्राटवील नावाची गाडी

ग्राटवीलच्या ग्रामसभागृहातल्या भिंतीवर गावाचे अध्यक्ष बाल्त्सर इम्होफ यांनी मार्च महिन्यातच एक खिळा ठोकून घेतला होता. त्या भिंतीवर गावाच्या माजी अध्यक्षांची छायाचित्रे होती. एकाने गावात शाळा आणली होती, एकाने हिमलोटाला अडवणारी भिंत बांधली होती, आणि एकाने काहीच केले नव्हते, पण त्याच्या मिशा प्रेक्षणीय होत्या. बाल्त्सरना मिशा नव्हत्या. त्यांनी आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत चौकातल्या कारंजावर छप्पर घातले होते, आणि पहिल्याच बर्फात ते छप्पर कारंजात उतरले होते. त्यामुळे रेल्वेने आपल्या नव्या गाडीला ग्राटवीलचे नाव द्यायचे ठरवले, तेव्हा त्या खिळ्याचे भवितव्यही ठरले: डब्यावर गावाचे नाव, शेजारी गावाचे चिन्ह, आणि खाली पडदा ओढणारे बाल्त्सर.

ही गाडी ग्राटवीलला थांबत नसे. ती पुढच्या टुर्मबाखला थांबे. ही गोष्ट साऱ्या गावात एकट्या बाल्त्सरना क्षुल्लक वाटत होती. नामकरणापुरती ती ग्राटवीलला चार मिनिटे थांबणार होती.

“चार मिनिटं?” त्यांची पत्नी ओटिलिया म्हणाली. “तुला नुसतं खाकरायला दोन लागतात.”

“भाषण तीन मिनिटांचं आहे. घड्याळ लावून म्हणून पाहिलंय.”

“आणि पाहुण्यांची नावं?”

“ती काय भाषणात धरतात होय?”

आमच्या खोऱ्यात उपस्थितांना नावानिशी अभिवादन केल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही, आणि एखादे नाव गळले तर त्याची नातवंडेसुद्धा ते विसरत नाहीत. बाल्त्सरनी तर सोहळा भव्य दिसावा म्हणून अर्धे खोरे बोलावले होते. टुर्मबाखचा अध्यक्ष झेवर यालाही अगत्याने निमंत्रण होते. त्याचे नाव यादीत सर्वांत शेवटी, अग्निशमन दलाच्या उपप्रमुखाच्याही खाली, तितक्याच अगत्याने घातले होते.

ठरल्या दिवशी फलाटावर बँड उभा राहिला, पांढऱ्या वाइनचे पेले मांडले गेले. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकार मुलीला बाल्त्सरनी बाजूला घेऊन सांगितले, “पडदा पडतो तो क्षण चुकवायचा नाही. मग काहीही होवो.” मुलीने मान डोलावली. आज्ञाधारक माणसे किती नुकसान करू शकतात, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

गाडी आली. आदल्या दिवशी डोंगरावरून जोराचा वारा सुटला होता, म्हणून नावावरचा निळा पडदा अग्निशमन दलाने स्वतः येऊन बांधला. त्याची लांब फीत बाल्त्सरच्या हातात आली.

“अध्यक्षसाहेब, गाडी वेळेवर सुटेल,” गाडीच्या कंडक्टरबाई म्हणाल्या.

“बाई, गाडी आमच्या नावाची आहे.”

“नाव तुमचं. वेळापत्रक आमचं.”

बाल्त्सर तुच्छतेने हसले आणि अभिवादनाला लागले. जिल्ह्याचे अधिकारी झाले, पाद्री झाले, गोपालक संघ झाला, महिला गायकवृंदाच्या दोन्ही अध्यक्षा झाल्या, कारण त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. अखेर झेवरचे नाव आले. ते घेताना त्याचा चेहरा पाहावा, या एकाच सुखासाठी बाल्त्सरनी तो क्षण राखून ठेवला होता. ते थांबले आणि गर्दी न्याहाळू लागले.

“झेवर कुठाय?”

“इथे,” डब्याच्या खिडकीतून झेवर म्हणाला. भाषण संपेपर्यंत वाइन मिळणार नाही हे पाहून तो घरी जायला गाडीत बसला होता. “बोल बोल, ऐकतोय मी.”

तेवढ्यात शिट्टी झाली.

“भाषण मरू दे, ओढ ती फीत,” ओटिलिया म्हणाली.

भाषणाआधी पडदा ओढणे बाल्त्सरच्या तत्त्वात बसत नव्हते. गाडीने मात्र तत्त्वांचा विचार केला नाही. ती हलली तसे बाल्त्सर फीत धरून तिच्यासोबत चालू लागले, मग धावू लागले, आणि मग फीत तुटून त्यांच्या हातात राहिली. अग्निशमन दलाची गाठ जागची ढळली नाही. पडदा अजून पडला नव्हता, म्हणून छायाचित्रकार मुलगी केव्हाच उडी मारून गाडीत चढली होती. पडदा पडेपर्यंत थांबायचे नाही असे बँडलाही बजावलेले होते. बँड वाजतच राहिला. रिकाम्या रुळांवर ऊन निवांत पसरले होते. जगातला कोणताही अपमान त्या उन्हाने कधी मनावर घेतला नव्हता.

“मोटार काढ,” बाल्त्सर ओटिलियाला म्हणाले. “टुर्मबाखला गाठू.”

टुर्मबाखला त्यांनी गाडी खरोखरच गाठली. फक्त मध्ये रेल्वेचे फाटक होते, आणि ते बंद होते. पलीकडे कंडक्टरबाई म्हणत होत्या, “हे फडकं असं फडफडत पुढे जाणार नाही. कोणाचा हात पोचतो?”

झेवर उंच होता. त्याने खिशातला चाकू काढून गाठ कापली. पडदा त्याच्या मिठीत पडला, आणि मुलीने तो क्षण चुकवला नाही. टुर्मबाखच्या फलाटावरच्या चार माणसांनी सभ्यपणाने टाळ्या वाजवल्या.

“काही बोलणार का?” मुलीने विचारले.

“नको. गाडीला उशीर होईल,” झेवर म्हणाला.

तो फोटो वर्तमानपत्रात आला. पुढच्या महिन्यात झेवरने तो सुरेख चौकटीत बसवून, सोबत चीजचे एक अख्खे चाक जोडून, ग्राटवीलला भेट पाठवला. शेजारच्या गावाची भेट नाकारायची कशी, म्हणून ती स्वीकारण्यावर पंचायतीत हात वर करून मतदान झाले. विरोधात एकच हात होता. चीज वाटून संपले. फोटोसाठी जागा शोधावी लागली नाही, खिळा तयारच होता.

त्या संध्याकाळी सभागृह रिकामे झाल्यावर बाल्त्सर फोटोकडे पाठ करून बसून राहिले. ओटिलिया चष्मा लावून बराच वेळ चौकटीपाशी उभी होती.

“अरे, तूही आहेस की यात.”

ते उठून आले. झेवरच्या कोपराखाली, दूर, फाटकाच्या पलीकडे, नखाएवढा एक माणूस हात उंचावून उभा होता.

“मी कशावरून?” बाल्त्सर म्हणाले.

“हातात फीत आहे,” ओटिलिया म्हणाली, “आणि तोंड उघडं आहे.”